बारामतीतला बरणीभर समुद्र

मित्रांनो, आधी ते बोट काढा. काचेवर ठसे उमटतात, आणि ते पुसायला हल्ली कोणी येत नाही. हं, आता बसा आणि ऐका. मी एक जुनी बरणी आहे. लोणच्याची नव्हे हं! लोणच्याच्या बरण्या चिनी मातीच्या, कमरेला पट्टा मिरवणाऱ्या. पोटात काय आहे ते कुणाला दिसू देत नाहीत. मी आरपार काचेची. पोटात घागरभर पाणी मावतं आणि तोंड इतकं रुंद की मोठ्या माणसाचा हात कोपरापर्यंत सहज आत जातो. आज मी इंदापूरच्या तुमच्या या शाळेत कपाटावर बसले आहे आणि माझ्या पोटात खडूचे तुकडे आहेत. पण एके काळी माझ्या पोटात समुद्र होता. हसू नका, खरं सांगते.

माझा जन्म तळेगावच्या काचेच्या भट्टीत झाला. एका कारागिरानं तापलेला लाल गोळा फुंकणीच्या टोकाला घेतला आणि मला फुगवलं. मध्येच त्याला ठसका लागला आणि माझ्या बुडाशी वाटाण्याएवढा बुडबुडा राहून गेला. तेवढ्यावरून मुकादमानं मला दुय्यम मालात टाकलं. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. शेवटी कोकणातल्या एका खाडीकाठच्या सरकारी मिठागरावर माझी रवानगी झाली. तिथे माझ्या पोटात मिठाचे नमुने ठेवत.

त्या मिठागरावर दत्तोपंत नावाचे कारकून होते. मूळचे बारामतीचे, पण नोकरीची तीस वर्षं त्यांनी त्या खाडीवर काढली. माणूस सरळ, पण हट्टी. मिठाचा खडा जिभेवर ठेवून ते सांगत, हा वरच्या वाफ्यातला, हा खालच्या. ते कधी चुकले नाहीत आणि आपण कधी चुकत नाही असं त्यांना फार वाटे. त्यांची बायको यशोदाबाई त्याच गावची. मूलबाळ नव्हतं. आई लवकर गेली म्हणून तिनं आपल्या धाकट्या भावाला, केशवला, हातावर वाढवलं होतं. त्याला जरा ताप आला तरी तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

मग तीस साल उजाडलं. गावोगावचे लोक सरकारचा कायदा मोडून मीठ उचलू लागले. आमच्या खाडीवरही पन्नासेक माणसं आली, त्यांत केशव होता. साहेबानं दत्तोपंतांना सांगितलं, कोण कोण होतं त्याची यादी करा. दत्तोपंतांनी केली. सातवं नाव केशवचं. साहेब केशवला ओळखत नव्हता. ते नाव गाळलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. केशवला तीन महिने तुरुंग झाला. दत्तोपंत म्हणाले, "मी खाल्ल्या मिठाला जागलो. खोटी यादी माझ्या हातून होणार नाही." तुरुंगातून सुटल्यावर केशव बहिणीच्या उंबऱ्यावर चढला नाही. दत्तोपंतही बोलायला गेले नाहीत. गावात दोघं समोरासमोर आले की एक जण वाट बदली. यशोदाबाई मात्र कुठे जाणार? तिची दोन्ही बाजूंनी कुचंबणा झाली.

चौतीस सालच्या माघात दत्तोपंतांना पेन्शन मिळाली आणि त्यांनी बारामतीला जायचं ठरवलं. यशोदाबाई म्हणाली, "अहो, जन्मभर लाटांचा आवाज ऐकत निजले मी. तिकडे कुणाशी बोलू? भिंतींशी?" दुसऱ्या दिवशी कचेरीतली अडगळ काढताना शिपाई मला बाहेर फेकत होते, तर दत्तोपंत म्हणाले, "ही मला द्या." पहाटेच्या ओहोटीला धोतर खोचून, म्हातारा माणूस, गुडघाभर पाण्यात उतरला. माझ्या तळाशी वाळू आणि चार दगड घातले. नऊ गोगलगायी घातल्या आणि सहा खेकडे. साधे खेकडे नव्हेत. या खेकड्यांना पाठीमागचं अंग झाकायला कवच नसतं, म्हणून ते दुसऱ्यानं टाकलेल्या शंखात राहतात आणि शंख पाठीवर घेऊन हिंडतात. मग समुद्राच्या पाण्यानं मला भरलं, आणखी चार काचेचे बुधले भरून घेतले. घरी येऊन म्हणाले, "घे. समुद्र बरोबर घेतलाय. आता चल." यशोदाबाई हसली. कित्येक महिन्यांनी हसली ती. निघायच्या वेळी केशव धक्क्यावर येईल म्हणून तिनं तीनदा मागे वळून पाहिलं. तो आला नाही.

आधी बोट, मग मोठी गाडी, मग दौंडपासून बारामतीची लहान गाडी, एवढा प्रवास मी तिच्या मांडीवर केला. तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. दर स्टेशनावर ती फडकं सोडायची आणि पाण्यात हात फिरवायची, आतल्या जिवांना वारा मिळावा म्हणून. डब्यातल्या एका माणसानं विचारलं, "काय नेताय, बाई?" ती म्हणाली, "माहेरची माणसं."

बारामतीच्या कसब्यात दोन खणांची जागा घेतली होती. खिडकीपासून दूर, सावलीतल्या फळीवर मला बसवलं. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. आळीतले लोक मला बघायला येत. खेकडा शंखासकट दगडावर चढला की बायका पदर तोंडाला लावून हसत. यशोदाबाईनं त्यांचं नावच ठेवलं, बिऱ्हाडकरू. "हा थोरला बिऱ्हाडकरू. हा भांडखोर. आणि ही गोगलगाय बघा, सकाळपासून काच सारवतेय." खरंच, गोगलगायी माझ्या काचेवरचं हिरवं शेवाळ खात फिरत आणि मला गुदगुल्या होत. मला कुणी दुय्यम माल म्हटलं होतं हे त्या दिवसांत मी साफ विसरले.

पण प्रेमानंसुद्धा जीव जातो हो. यशोदाबाईच्या घरी पाहुणा आला की आग्रह ठरलेला. पानातला घास संपायच्या आत दुसरा वाढायची. बिऱ्हाडकरूंनाही तीच वागणूक. भाताची शितं, भिजलेले शेंगदाणे, शिजलेली पालेभाजी. "घ्या रे मेल्यांनो, लाजू नका." ते जेवणार ते केवढं? उरलेलं तळाशी कुजलं. आठ दिवसांत पाणी गढूळ झालं, वास मारू लागलं, आणि एक खेकडा व दोन गोगलगायी गेल्या. यशोदाबाई दोन दिवस जेवली नाही. बुधल्यांतलं बहुतेक सगळं पाणी घालून मला धुऊन पुन्हा भरावं लागलं. तेव्हापासून दोन दिवसांतून एकदा चिमूटभर खाणं आणि सकाळ-संध्याकाळ लोटीनं पाणी काढून उंचावरून पुन्हा आत सोडणं, असा नेम ठरला. पाण्यात वारा मिसळतो त्यानं.

आमच्या घरी काटेवाडीहून रंगूबाई भाजी घेऊन यायची. तिचा नवरा महिपती बैलगाडीनं बाजारात माल उतरवी आणि ही पाटी घेऊन आळीत फिरे. ती पहिल्यांदा मला बघून म्हणाली, "बाई, ह्यास्नी नुसतं शेंगदाणं घालता व्हय? खेकड्याला वशाट लागतं." दुसऱ्या खेपेला तिनं पदराच्या गाठीतून चिमूटभर सुकट आणली. यशोदाबाईच्या सोवळ्याच्या घरात सुकट! तिनं आधी दाराकडे पाहिलं, दत्तोपंत नाहीत याची खात्री केली, मग स्वतः तोंड फिरवून उभी राहिली आणि म्हणाली, "मी बघत नाही. तू घाल." बिऱ्हाडकरू तुटून पडले. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

चैत्र सरला आणि उन्हाळा वर आला. कोकणात घाम येतो, इथे घाम यायच्या आत वाळतो. कोरडा वारा माझ्या रुंद तोंडावरून जाई आणि दोन दिवसांत माझं पाणी बोटभर खाली जाई. दत्तोपंत म्हणाले, "समुद्राचं पाणी कमी झालं तर खारंच पाणी घालायला हवं. त्यात विचारायचं काय?" आधी बुधल्यांतलं उरलंसुरलं घातलं. ते संपल्यावर बाजारचे मिठाचे खडे विहिरीच्या पाण्यात विरघळवून, जिभेवर त्याचाच थेंब घेऊन ते माझ्यात ओतू लागले. रोज. वाटीवाटीनं. मी ओरडून सांगत होते, अहो, पुरे करा, माझ्या गळ्याशी मीठ साचतंय, पोटात पाणी जड झालंय. पण बरणीचं कोण ऐकतं?

गोगलगायींनी आधी ओळखलं. त्या पाणी सोडून माझ्या तोंडाशी येऊन चिकटल्या आणि शंखांची दारं लावून बसल्या. मग खेकडे मंदावले. एके दिवशी भांडखोर शंख सोडून उघडा बाहेर आला. या खेकड्यानं घर सोडलं की समजावं, त्याला घरापेक्षा मोठं काही असह्य झालंय. संध्याकाळपर्यंत तो गेला. तिसऱ्या दिवशी आणखी एक. गोगलगायी तीन गेल्या. दत्तोपंतांनी मीठ आणखी वाढवलं. "पाणी अळणी झालं असणार," म्हणाले.

यशोदाबाई रडली नाही. ती माझ्यासमोर बसून राहिली आणि शेवटी म्हणाली, "तिघं उरलेत. हे गेले की माझं तिकडचं कुणी उरलं नाही. यांना परत नेऊन सोडू या का?"

दत्तोपंत म्हणाले, "त्या गावात मी पाऊल ठेवणार नाही. तुला माहीत आहे."

"मग हे गेल्यावर बरणी टाकून द्या. आणि पुन्हा मला समुद्राचं नाव सांगू नका." एवढं बोलून ती उठली आणि त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली. पाणी तापलंय. पान वाढलंय. बस्स. मित्रांनो, मला फोडून टाकणार याची भीती वाटत होती हे कबूल करते, पण त्याहून मला त्या घरातली ती शांतता सोसवेना.

दोन दिवसांनी रंगूबाई भाजी घेऊन आली. पाटी उतरवून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती जवळ आली. माझ्या गळ्याशी पांढरी खपली धरली होती. तिनं बोटानं ती खरवडली आणि जिभेला लावली.

"बाई, ही तर आमच्या खालच्या रानावाणी झालीया," ती म्हणाली.

दत्तोपंत कोपऱ्यात वाचत बसले होते. त्यांनी वर पाहिलं. "म्हणजे काय?"

"आता काय सांगू, पंत. पाटाचं पाणी आलं तवा आमी लई हौसेनं पाजलं. उसाला पाणी, पाण्यावर पाणी. वरनं ऊन. पाणी उडून जायचं आन् मीठ रानातच ऱ्हायचं. चार वर्सांत रान पांढरंफटक. कुसळसुदिक उगवंना." तिनं माझ्याकडे बोट केलं. "ऊन पाणी पितं. मीठ न्हाय पीत. ह्यातनं पाणी गेलं, मीठ कुठं गेलंय? तितंच हाय की. आन् तुमी वर आनिक मीठ घालताय."

दत्तोपंतांच्या हातातला कागद खाली आला. तीस वर्षं, मित्रांनो! तीस वर्षं या माणसानं वाफ्यांत समुद्राचं पाणी उन्हानं आटताना आणि तळाशी मीठ उरताना पाहिलं होतं. तेच तर त्याचं काम होतं. आणि तेच घरातल्या बरणीत घडत होतं तर त्याला दिसलं नाही. ते उठून माझ्यापाशी आले, गळ्याची खपली त्यांनी बोटानं चाखली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मी चुकलो." यशोदाबाईनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हे दोन शब्द तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

"मग गोडं पाणी घालू का सगळं?" त्यांनी विचारलं.

"आरं देवा, एकदम नगा घालू. आमी चर खणलं आन् सावकाश धुतलं रान. घाई केली की जीव आनिक घाबरतो. वाटीवाटीनं घाला."

तेव्हापासून दिवस मावळेपर्यंत ते माझ्यापाशी बसले. एक वाटी जड पाणी काढायचं, थांबायचं, एक वाटी विहिरीचं गोडं पाणी घालायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी थोरल्या बिऱ्हाडकरूनं शंखातून मिशा बाहेर काढल्या. गोगलगायी पाण्यात उतरल्या. पण चालत कुणी नव्हतं. दत्तोपंत म्हणाले, "नुसतं मीठ म्हणजे समुद्र नव्हे. मीठ धरलं की उरलेलं कडू पाणी आम्ही खाडीत सोडून द्यायचो. समुद्रातलं बाकीचं सगळं त्यातच असतं. यांना खरं पाणी पाहिजे. नाहीतर पंधरा दिवसही काढणार नाहीत."

खरं पाणी खाडीवर होतं. मिठागरावरचे ओळखीचे लोक बदलून गेले होते आणि गावात दत्तोपंतांसाठी वाकडी काडी सरळ करणारं कुणी नव्हतं. पाणी पाठवू शकेल असा एकच माणूस तिथे होता, आणि त्याला यांनी तुरुंगात धाडलं होतं.

तीन कागद फाडून झाल्यावर चौथा त्यांनी यशोदाबाईला वाचून दाखवला. "केशवास आशीर्वाद. यादीत तुझं नाव मी लिहिलं. ते गाळता आलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. खाल्ल्या मिठाला जागलो असं मी म्हणत आलो, पण तुझ्या बहिणीच्या हातचं मीठही मी तीस वर्षं खाल्लं, त्याला जागलो नाही. खाडीवरून आणलेले तिचे तीन जीव इथे मरायला टेकले आहेत. समुद्राचं पाणी मिळालं तर जगतील. मला क्षमा केली नाहीस तरी चालेल. पाणी मात्र पाठव." यशोदाबाईनं पत्र हातात घेतलं, घडी घातली आणि स्वतः टपालात टाकून आली.

आठ दिवस गेले. दहा गेले. उत्तर नाही. एक बिऱ्हाडकरू शंखाबाहेर अर्धा येऊन पडून राहिला. यशोदाबाई रोज गाडीच्या वेळी दाराशी उभी राही आणि मग आत येई. दत्तोपंत तिच्याकडे बघायचं टाळत. मी तर आशाच सोडली होती.

बाराव्या दिवशी दुपारी टांगा दाराशी थांबला. ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दोन बुधले घेऊन केशव खाली उतरला. डोळे लाल, अंगभर धूळ. बहिणीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. दत्तोपंत उठून उभे राहिले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. केशव म्हणाला, "पाणी कशात ओतायचं?"

"एकदम नाही," दत्तोपंत म्हणाले. "वाटीवाटीनं."

दोघं माझ्या दोन बाजूंना बसले. एक काढायचा, एक घालायचा. तासभर दोघं एवढंच बोलले, "थांब," आणि "घाल आता." माझ्या पोटात खाडीचं पाणी उतरत होतं आणि मला भरून येत होतं, खरंच सांगते. तिसऱ्या प्रहरी थोरला उठला. मग मधला. अर्धा बाहेर पडलेला तो हळूहळू आत सरकला, शंख सावरला आणि वाळूवर दोन पावलं चालला. यशोदाबाई पदरात तोंड घालून रडू लागली.

त्यानंतर जेवायला बसले. गडबडीत, आनंदात, यशोदाबाई आमटीत मीठ घालायला आणि पानात वाढायलाही विसरली होती. केशवनं आमटीभात कालवला, घास घेतला आणि म्हणाला, "ताई, आमटी अळणी झालीय गं." ती उठणार एवढ्यात दत्तोपंत उठले. आत गेले, मिठाची वाटी घेऊन आले आणि वाकून आपल्या हातानं केशवच्या पानात डाव्या बाजूला मीठ वाढलं. केशव त्या मिठाकडे बघत राहिला. मग त्यानं चिमूट उचलली, भातात मिसळली, घास खाल्ला आणि म्हणाला, "आता बरोबर झाली. तुम्हीही बसा, भावोजी." चार वर्षांत तो शब्द दत्तोपंतांच्या कानी पडला नव्हता.

पुढच्या माघात तिघं बिऱ्हाडकरू आणि चार गोगलगायी माझ्यातूनच कोकणात परत गेल्या. दत्तोपंत स्वतः ओहोटीला उतरले, त्यांना खडकांत सोडून आले आणि महिनाभर केशवच्या घरी राहिले. यशोदाबाई त्यानंतर दरवर्षी माहेरी जाई. मग मला घरी काही काम उरलं नाही आणि दत्तोपंतांनी मला या शाळेला दिलं. आता वर्षातून एकदा, सफाईला, कुणीतरी माझ्यावरून फडकं फिरवतं. चालायचंच.

पण मित्रांनो, म्हातारीचं एवढं ऐका. कुणाचा जीव घरी आणलात, खेकडा असो की माणूस, तर त्याला रोज काहीतरी ओतत बसू नका. आधी बघा, त्याचं उडून काय चाललंय. आणि तुमच्या हातून चूक झाली असली, तर पत्र लवकर लिहा. चार वर्षं कुणाला थांबवू नका.